फिल्टर लावलाय, तरी काही मेल इनबॉक्समध्येच का पडून राहतात?

लक्षण असं होतं. विषयात 'छपाई' हा शब्द असलेला प्रत्येक मेल 'छपाई' नावाच्या फोल्डरमध्ये जावा, असा साधा नियम मी माझ्या मशीनवर लावला होता. आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चालायचं. मग एखादा मेल इनबॉक्सच्या ढिगाऱ्यात सापडायचा. नियम उघडून बघावा, तर त्यात खोट दिसत नाही. काहीतरी किरकोळ बदलावं, योगायोगाने पुढचे चार मेल बरोबर जागी जावेत, आपण 'झालं एकदाचं' म्हणावं आणि पंधरवड्याने पुन्हा तेच. दीडेक वर्ष मी हा खेळ खेळलो. एक सणसणीत ठेच लागली तेव्हा कुठे तो थांबला: 'विशेषांकाची छपाई, पान थांबवा' असा विषय असलेला मेल तीन दिवस इनबॉक्समध्ये पडून राहिला, आणि मी आपला फोल्डरवर नजर लावून बसलो होतो. पान काही थांबलं नाही.

माझी मांडणी अशी: फेचमेल सर्व्हरवरून मेल आणतो आणि प्रॉकमेलच्या हवाली करतो. प्रॉकमेल नियम लावून ते मेलडिर पद्धतीच्या फोल्डरांत टाकतो. वाचायला मट. आता प्रॉकमेलच्या जागी सीव्ह (मेलचे नियम लिहायची एक भाषा) आलंय, ते का, हे पुढे येईलच. तुमची अवजारं वेगळी असली तरी शोधाची वाट साधारण हीच राहील.

सगळे की मोजके?

नियमाला हात लावण्याआधी एवढं ठरवून टाका: सगळेच मेल इनबॉक्समध्ये येतायत, की मोजकेच निसटतायत? हे न बघता मी कितीतरी संध्याकाळी वाया घालवल्या आहेत.

सगळेच येत असतील तर तुमचा नियम चूक की बरोबर हा प्रश्नच नाही, कारण तो वाचलाच जात नाहीये. प्रॉकमेलच्या नियमांच्या फाइलमध्ये इतर कुणालाही लिहिता येईल अशी परवानगी राहिली असेल, तर प्रॉकमेल ती फाइल संशयास्पद ठरवून बाजूला ठेवतो. दुसऱ्या मशीनवरून फाइल उचलून आणली की हे होऊ शकतं. यात एक मेख आहे. लॉग कुठे लिहायचा हे त्याच फाइलमध्ये सांगितलेलं असतं. फाइलच नाकारली गेली, की ती तक्रार तुमच्या नेहमीच्या लॉगमध्ये कशी येणार? ती सिस्टिमच्या लॉगमध्ये शोधावी लागते.

सीव्हचा प्रकार वेगळा. तिथे स्क्रिप्टमध्ये एखादा अर्धविराम राहिला, किंवा 'फाइलइंटू' (मेल फोल्डरात टाकायची आज्ञा) वापरलं पण वरती 'रिक्वायर'च्या, म्हणजे काय काय लागणार ते सांगणाऱ्या, ओळीत त्याचं नाव घातलं नाही, की अख्खी स्क्रिप्टच बाद होते. मेल मात्र हरवत नाही, तो निमूटपणे इनबॉक्समध्ये ठेवला जातो. ही सीव्हची सज्जनपणाची सवय आहे आणि त्यामुळेच बिघाड लवकर कळत नाही. डव्हकॉट या मेल-सर्व्हरबरोबर सीव्ह चालवणारं पिजनहोल वापरत असाल तर स्क्रिप्टच्या शेजारीच, तिच्याच नावाला 'लॉग' शेपूट लावलेली एक फाइल तयार झालेली दिसेल. ओळ क्रमांकासकट चूक तिथे लिहिलेली असते. थंडरबर्डचे स्थानिक फिल्टर लावणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच, की तो उघडा असेल तोवरच ते चालतात.

मोजकेच मेल निसटत असतील, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी.

फिल्टरला काय दिसतं

निसटलेला मेल आपण मेलच्या प्रोग्रॅममध्ये बघतो. तिथेच फसतो. तो प्रोग्रॅम मेल सोलून, चिरून, ताटात वाढून देतो. फिल्टरच्या पुढ्यात तो येतो सालासकट. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते, तेव्हा ती थेट 'लेस'ने, म्हणजे फाइल जशीच्या तशी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने, उघडा. थंडरबर्डमध्ये मेलचा स्रोत दाखवणारा पर्याय आहे, तोही चालेल.

मी फाइल उघडली आणि विषयाच्या ओळीत 'छपाई' नव्हतंच. तिथे बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, मग यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) असं नाव, पुन्हा प्रश्नचिन्ह, बी हे अक्षर, पुन्हा प्रश्नचिन्ह, आणि त्यानंतर इंग्रजी अक्षरं-आकड्यांची एक लांबच लांब माळ होती. शेवटी प्रश्नचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह.

मेलचे हेडर, म्हणजे मजकुराआधीच्या विषय, पाठवणारा वगैरे ओळी, मुळात फक्त आस्की अक्षरांसाठी, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांसाठी, होते. बाकीच्या लिप्या त्यांत बसवायची रीत आरएफसी २०४७ या १९९६ सालच्या इंटरनेट-मानकात दिलेली आहे: मजकूर बेस-६४ मध्ये किंवा 'क्यू' नावाच्या दुसऱ्या पद्धतीने आस्कीत बांधायचा आणि वर वेष्टण घालायचं. वेष्टण सोडवायचं काम वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं. मट ते करतो. प्रॉकमेल करत नाही. त्याला जी ओळ मिळते तिच्यातच तो तुमचा नमुना शोधतो. म्हणजे माझा देवनागरीतला नियम अशा मेलांना लागू पडणं शक्यच नव्हतं.

मग तो अधूनमधून चालत कसा होता? त्याला कारणं दोन. एक तर मला मेल पाठवणारी एक स्वयंचलित स्क्रिप्ट वेष्टणबिष्टण न घालता कच्चं यूटीएफ-८ थेट हेडरमध्ये कोंबत होती, त्यामुळे तिचे मेल बरोबर जागी जायचे. दुसरं म्हणजे काही सहकारी विषय रोमन लिपीत लिहायचे आणि त्यासाठी मी नियमात आणखी एक ओळ घातली होती. या दोघांच्या जिवावर फोल्डर भरत होता आणि मी समजत होतो की नियम धडधाकट आहे.

जुगाड, आणि त्यातले खड्डे

आता सरळ मार्ग धरायचा, तर मी हुशारी करायला गेलो. ती सांगतो, कारण इंटरनेटवर शोधाशोध करताना हाच उपाय तुम्हालाही सुचेल किंवा कुणी सुचवेल.

बेस-६४ दर तीन बाइटांची चार अक्षरं करतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमकं तीन बाइटांचं असतं. म्हणजे एका चिन्हाला चार अक्षरं, अगदी ठाकठीक. 'छपाई'त छ, प, काना आणि ई अशी चार चिन्हं: १२ बाइट, १६ अक्षरं. प्रत्येक चौकडीतली पहिली तीन अक्षरं इथे सारखीच येतात: आकडा चार, मोठा के, मोठा एस. बदलतं ते फक्त चौथं. छ साठी छोटा बी, प साठी छोटा क्यू, काना म्हणजे अधिकचं चिन्ह, ई साठी मोठा आय. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, क्रमात दुसऱ्या वेलांटीपासून पुढची चिन्हं, म्हणजे उकार, मात्रा, अक्षराचा पाय मोडण्याची खूण वगैरे, यांच्यात एसच्या जागी डब्ल्यू येतो. एकदा हे कळलं की कच्च्या हेडरमध्ये नुसत्या 'चार-के-एस'च्या रांगेवरून देवनागरी मजकूर ओळखता येतो. मला आजही याची गंमत वाटते.

तर मी ती १६ अक्षरं उचलून नियमात चिकटवली आणि हात झटकले.

पहिला खड्डा कान्याचा. प्रॉकमेल नमुने रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुने लिहायची एक चिन्हभाषा) म्हणून वाचतो आणि तिथे अधिकच्या चिन्हाला खास अर्थ आहे: आधीचं अक्षर एकदा किंवा अनेकदा. म्हणजे कान्यातलं अधिक चिन्ह शोधण्याऐवजी तो एकामागून एक एस शोधत बसला. त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. काना नसलेले मराठी शब्द किती, याचा विचार करा. पहिली वेलांटी साध्या तिरक्या रेघेवर येते, तिचा प्रॉकमेलला त्रास नाही.

दुसरा खड्डा लहान-मोठ्या अक्षरांचा. प्रॉकमेल मुळात हा भेद पाळत नाही, बेस-६४ मध्ये मात्र तो पाळायलाच हवा. चौथं अक्षर छोटा क्यू असेल तर प, मोठा असेल तर ऐ. नियमाच्या पहिल्या ओळीत मोठा डी घातला की प्रॉकमेल भेद पाळू लागतो.

तिसऱ्या खड्ड्यात मी सगळ्यात जास्त दिवस होतो. तीनाची चार अक्षरं हा हिशेब मजकुराच्या सुरुवातीपासून चालतो. 'छपाई' हा पहिलाच शब्द असेल तर चौकड्या बरोबर जुळतात. पण 'नवी छपाई' असं असलं, की मधली मोकळी जागा एका बाइटाची असल्यामुळे पुढचं सगळं एका बाइटाने सरकतं आणि माळ पार बदलून जाते. शब्द तोच, अक्षरं निराळी. आधी दोन मोकळ्या जागा आल्या तर तिसरंच रूप. तीन आल्या की पुन्हा मूळपदावर.

उत्तरादाखल आलेल्या मेलांचा घोळही यातलाच. विषयाआधी लागणारं 'आर-ई-कोलन' आणि मोकळी जागा मिळून चार बाइट होतात. काही प्रोग्रॅम ते वेष्टणाच्या बाहेर ठेवतात, काही आत घेतात. बाहेर असेल तर हिशेब नव्याने सुरू होतो आणि नियम लागतो. आत असेल तर सगळं एकाने सरकतं आणि लागत नाही. त्यामुळे एकाच विषयावरच्या चर्चेत एका सहकाऱ्याची उत्तरं फोल्डरमध्ये आणि दुसऱ्याची इनबॉक्समध्ये, असं चालू होतं. मी त्या दुसऱ्याला मनातल्या मनात बरंच काही बोललो आहे. त्याची काही चूक नव्हती.

यावर मी तिन्ही सरकलेली रूपं काढली आणि 'हे, किंवा हे, किंवा हे' असा लांबलचक नमुना लिहिला. सरकलेल्या रूपांत दोन्ही कडेची अक्षरं शेजारच्या बाइटांवर ठरतात, म्हणून ती छाटून मधला भाग घ्यावा लागला. हे सगळं जमलं याचा मला फार अभिमान होता. तो आठवडाभर टिकला.

कारण विषय लांब असला की तो तुकड्यांत मोडतो. वेष्टणासकट एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा असू नये आणि हेडरच्या अशा एका ओळीत ७६ पेक्षा जास्त अक्षरं असू नयेत, असं तेच आरएफसी २०४७ सांगतं. आता त्या 'विशेषांकाची छपाई, पान थांबवा' मेलचाच हिशेब मांडू. 'सब्जेक्ट', कोलन आणि मोकळी जागा यांत नऊ अक्षरं गेली. वेष्टणात बारा. उरली ५५. चारच्या पटीत ५२, म्हणजे ३९ बाइट. 'विशेषांकाची' हा शब्द काना-मात्रा-वेलांट्या धरून ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइट. मोकळी जागा धरून ३४. मग छ चे तीन, झाले ३७. प ला जागा नाही. पहिल्या ओळीत 'छ', दुसऱ्या ओळीत 'पाई', आणि मध्ये दोन वेष्टणांची टोकं. असा शब्द कुठल्याच रूपात सलग सापडणार नाही, मग तुम्ही तीन पर्याय लिहा नाहीतर तीस.

तेव्हा बेस-६४ मध्ये शोधायचा नाद सोडा. प्रॉकमेलवरच राहायचं असेल तर आधी विषय उलगडून घ्या आणि मग ताडून बघा. प्रॉकमेलसोबत येणारा फॉरमेल विषयाचं हेडर वेगळं काढून देतो, दुमडलेल्या ओळी जोडूनही देतो. ते पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एनकोड मॉड्यूलकडे पाठवायचं. त्यात 'माइम-हेडर' नावाची तयार सोय आहे. बाहेर पडेल ते साधं यूटीएफ-८. ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवायचं आणि अटीच्या ओळीत चलाचं नाव, दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे आपला देवनागरी शब्द लिहायचा. दर मेलमागे एकदा पर्ल चालतं, पण दिवसाला शे-दोनशे मेल येणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. मेलच्या अंगातल्या मजकुरावर नियम लावणाऱ्यांचंही दुखणं हेच असतं. अंगसुद्धा बेस-६४ मध्ये बांधलेलं असू शकतं.

सीव्हकडे

विषय सुटला तर पाठवणाऱ्याचं नाव अडलं, कारण तेही देवनागरीत आणि तेही वेष्टणात. प्रत्येक हेडरसाठी फॉरमेल-पर्लची अशी नळजोडणी करत बसण्याचा मला कंटाळा आला. प्रॉकमेलला नावं ठेवायची नाहीत. २००१ साली ३.२२ ही आवृत्ती आल्यावर तो वीस वर्षं जवळजवळ जसाच्या तसा चालत राहिला आणि मग २०२२ मध्ये मूळ लेखकानेच ३.२४ काढली. पण देवनागरी विषयांसाठी तो घडलेला नाही.

सीव्हच्या मानकात, म्हणजे २००८ च्या आरएफसी ५२२८ मध्ये, हेडर उलगडून यूटीएफ-८ मध्ये आणून मगच तुलना करायची असं ठरवून दिलेलं आहे. नियमात 'छपाई' लिहायचं, बस्स. त्यासाठी दूरच्या सर्व्हरवर सीव्ह असायलाच हवं असंही नाही. स्वतःच्या मशीनवर डव्हकॉट बसवला आणि फेचमेलला 'प्रॉकमेलऐवजी डव्हकॉटच्या वाटप करणाऱ्या प्रोग्रॅमकडे दे' असं सांगितलं की काम झालं.

प्रॉकमेलची सवय झालेल्या माणसाला सीव्हमध्ये दोन गोष्टी चकवतात. पहिली: प्रॉकमेलमध्ये मेल एका फोल्डरात पडला की नियम वाचणं तिथेच थांबतं. सीव्हमध्ये थांबत नाही. 'फाइलइंटू'मुळे फक्त इनबॉक्सची प्रत रद्द होते, पुढचे नियम चालूच राहतात. मी जुने नियम एकाखाली एक तसेच उतरवले आणि दुसऱ्या दिवशी तोच मेल 'छपाई'त आणि 'विशेषांक'मध्येही. प्रत्येक नियमाच्या शेवटी 'स्टॉप' घाला किंवा नियम 'एल्सिफ'ने साखळीत ओवा.

दुसरी चकवणारी गोष्ट: पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर नियम लावताना 'हेडर' ही चाचणी आणि 'इज' ही तुलना एकत्र वापरली तर नियम बहुतेक कधीच लागत नाही. हेडरमध्ये नुसता पत्ता क्वचितच असतो. नाव असतं, मग कंसात पत्ता. 'इज' म्हणजे तंतोतंत तेवढंच. तिथे 'हेडर'च्या जागी 'ॲड्रेस' चाचणी वापरा, ती नाव बाजूला काढून नुसता पत्ता घेते.

आणि तरीही एक मेल निसटला

सीव्हवर येऊन महिना झाला आणि एक मेल पुन्हा इनबॉक्समध्ये. या वेळी नियम 'ॲप' या शब्दावर होता. सीव्ह उलगडून बघतं, स्क्रिप्ट बाद झालेली नाही, क्रम ठीक. मेलमधला शब्द आणि नियमातला शब्द शेजारी ठेवून बघितले, हुबेहूब सारखे. शेवटी दोन्हीचे बाइट काढून बघितले तेव्हा उलगडा झाला. नियमातलं 'ॲ' हे एकच चिन्ह होतं. मेलमधलं 'अॅ' हे दोन चिन्हांचं, अ आणि त्यावर वेगळा चंद्र. पहिलं चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासूनचे कीबोर्ड आणि सवयी दुसऱ्या रीतीने लिहितात. युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समतुल्य नाहीत, त्यामुळे मजकूर प्रमाणरूपात आणूनही ती एक होत नाहीत.

अशीच दुसरी जोडी अर्ध्या र ची. 'करणाऱ्या' हा शब्द कुणाच्या कीबोर्डवरून ऱ चा पाय मोडून येतो, तर कुणाच्या कीबोर्डवरून र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून, 'करणार्‍या' असा. पडद्यावर फरक दिसेलच असं नाही. इतर भाषांत काम करणाऱ्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत याचा उल्लेख सापडणार नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

सीव्हमध्ये एकाच चाचणीला शब्दांची यादी देता येते, तेव्हा दोन्ही रूपं घाला. त्यातलं एक रूप आलेल्या मेलमधून उचलून चिकटवा, तुमच्या कीबोर्डवरून ते कदाचित उमटणार नाही. त्याहून सोपं म्हणजे असली अक्षरं टाळून शब्दाचा निर्धोक तुकडा घ्यायचा. मी आता 'छपाई' न शोधता नुसतं 'छपा' शोधतो. 'छपाइ' लिहिणारेही त्यात येतात, आणि ते बरेच आहेत.

विषयावर विसंबूच नका, जमलं तर

इतकं सगळं झाल्यावर लक्षात आलं ते असं, की माझ्या निम्म्या नियमांना विषय लागतच नव्हता. गटाच्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलांत बहुधा 'लिस्ट-आयडी' हे हेडर असतं (२००१ च्या आरएफसी २९१९ ने ठरवलेलं). ते विषयासारखं माणसाच्या मर्जीवर बदलत नाही. कच्च्या मेलमध्ये ते दिसलं की डोळे झाकून त्याच्यावर नियम लावा. तुमची मेलसेवा पत्त्यात अधिकचं चिन्ह आणि पुढे खुणेचा शब्द चालवून घेत असेल, तर कामागणिक वेगळा पत्ता देणं हा आणखी सोपा उपाय. मात्र 'टू'मध्ये माझा पत्ता असेल तर अमुक करा, असा नियम असेल तर तो 'बीसीसी'ने आलेल्या मेलला लागणार नाही, कारण तिथे तुमचा पत्ता लिहिलेलाच नसतो. अशा वेळी 'डिलिव्हर्ड-टू' हेडर आहे का ते बघा. ते मेल पोचवणारा सर्व्हर घालतो.

बदल करून बघताना

निसटलेले मेल मी आता पुसत नाही. त्यांच्या फाइली एका वेगळ्या जागी ठेवतो. नियम बदलला की पिजनहोलबरोबर येणाऱ्या सीव्ह-टेस्टला ती स्क्रिप्ट आणि यातली एकेक फाइल देतो. मेल कुठे गेला असता हे तो छापून दाखवतो, प्रत्यक्षात काही हलवत नाही. नवा नियम जुन्यांपैकी एखाद्याचा घात करत असेल तर तिथेच कळतं. प्रॉकमेलवाल्यांसाठी 'व्हर्बोज' चालू करून लॉग वाचणं हाच मार्ग. कुठली अट जुळली आणि कुठली नाही, हे त्यात ओळीओळीने असतं. फक्त नंतर ते बंद करा, लॉग भराभर फुगतो.

एक गोष्ट मात्र जपा. फेचमेल मेल हवाली केला की सर्व्हरवरची प्रत पुसतो, ही त्याची मूळ सवय आहे. चाचणी चालू असेतोवर त्याच्या फाइलमध्ये 'कीप' घालून ठेवा. चुकीच्या नियमाने मेल भलत्या फोल्डरमध्ये गेला तर शोधता येतो, पण रद्दीच्या वाटेने गेला आणि सर्व्हरवरही उरला नाही, तर मग काही करता येत नाही.

इनबॉक्समध्ये आधीच साठलेल्या मेलांना नवे नियम लावायला सीव्ह-फिल्टर आहे. तो मुळात कोरडी फेरीच मारतो, म्हणजे काय केलं असतं तेवढं सांगतो. खरंच करून हवं असेल तर छोटा ई हा पर्याय द्यायचा आणि मूळ फोल्डरमधून मेल हलवायचे असतील तर सोबत मोठा डब्ल्यू. पहिल्या कोरड्या फेरीची यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली. 'विशेषांकाची छपाई, पान थांबवा' त्यात होता, आणि त्याच्या पुढे जागा लिहिलेली होती: छपाई.